मीटर जिथे आहे तिथेच राहू द्या

जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्या महाराष्ट्रातील सर्व व्यापारी आणि एजंट मंडळींना,



हे पत्र तुमच्या धंद्याच्या मुळावर उठलेल्या माणसाचं नाही, हे आधी सांगून टाकतो. नवी गाडी ज्यांच्या आवाक्यात नाही अशा शिक्षकाला, दूध संस्थेच्या सेक्रेटरीला, नव्यानं संसार मांडलेल्या जोडप्याला चार चाकं तुमच्यामुळेच मिळतात. माझी हयात मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून ठोकलेल्या, जळालेल्या आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासण्यात गेली. आता ओळखीपाळखीचं कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मला बरोबर नेतं. त्यामुळे तुमच्या शेडमध्ये माझी हजेरी असते आणि चहाही तुमचाच होतो. गिऱ्हाइकादेखत तुमची शोभा करू नये म्हणून मी तिथे सहसा गप्प बसतो आणि बाहेर आल्यावर "ही नको" एवढंच सांगतो. का नको, ते आज इथे लिहितो.

सुरुवात मीटरपासून करू. तुमच्याकडे उभ्या असलेल्या गाड्यांचे आकडे ओळीने वाचत गेलं की मौज वाटते. आठ वर्षांची गाडी, बावन्न हजार. दहा वर्षांची डिझेल, अठ्ठावन्न हजार. सात वर्षांची सेडान, एकेचाळीस. साठ हजारांच्या पुढे जायला जणू गाड्यांना बंदीच आहे. अहो, डिझेल घेतो कोण? ज्याचं रनिंग जास्त आहे तो. पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजून डिझेल घ्यायची आणि वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरवायची, असा हिशेब करणारा माणूस आपल्याकडे असेलही; पण तुमच्या शेडमधल्या सगळ्याच डिझेल गाड्या त्याच्याच कशा?

मागच्या उन्हाळ्यात बघितलेली एक चंदेरी हॅचबॅक सांगतो. मीटरवर सेहेचाळीस हजार. स्टिअरिंगवर नवं कोरं कव्हर. ते जरा सरकवून बघितलं तर आतलं आवरण आरशासारखं गुळगुळीत. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर नवं, ॲक्सिलरेटरचं मात्र एका बाजूनं झिजून गेलेलं; ते बदलायचं राहून गेलं होतं. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसून बसून खचलेली. आणि बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर कुठल्याशा गॅरेजचा ऑइल बदलल्याचा पिवळा स्टिकर, त्यावर बॉलपेनानं लिहिलेलं : पुढील सर्व्हिस १,०८,०००. मी बोट ठेवलं. तुमच्यातले ते गृहस्थ क्षणभरही न अडखळता म्हणाले, "काका, तो दुसऱ्या गाडीचा चिकटवला असेल पोरांनी." या हजरजबाबीपणाला मी मनातल्या मनात दाद दिली, पण गाडी सोडली.

मीटर मागे घेणं हल्ली किती सोपं झालंय हे तुम्हाला मी सांगायला नको. केबलचं मीटर होतं तेव्हा निदान ते खोलावं लागायचं, आकडे वेडेवाकडे बसायचे आणि जाणकाराला कळायचं. आता लॅपटॉपवाला येतो आणि चहा संपायच्या आत काम करून जातो. तुमच्या दृष्टीनं त्यात काय झालं? गाडी तीच, इंजिन तेच, फक्त किंमत वीस-तीस हजारांनी चढली. गिऱ्हाईकही खूश. नुकसान झालंच तर थोड्या पैशांचं, असं तुम्ही स्वतःला समजावता.

माझं भांडण नेमकं इथे आहे. किलोमीटरचा आकडा किंमत ठरवण्यासाठी आहे असं तुम्ही धरून चालता. प्रत्यक्षात गाडीचा सगळा औषधपाण्याचा तक्ता त्या आकड्यावर चालतो. गिअर ऑइल कधी बदलायचं, कूलंट कधी, स्पार्क प्लग कधी, ब्रेक फ्लुइड कधी, हे सगळं कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर किंवा महिने यांच्या हिशेबानं लिहिलेलं असतं. यात सगळ्यात वाईट प्रकार टायमिंग बेल्टचा. ज्या इंजिनांना चेन नसून रबरी बेल्ट असतो, त्यांचा तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. समजा एका गाडीचा बेल्ट एक लाखाला बदलायचा आहे. गाडी प्रत्यक्षात पंच्याण्णव हजार पळालेली आहे आणि तुम्ही ती पंचेचाळीसवर आणून विकली. नवा मालक शहाणा आहे, पुस्तक वाचणारा आहे. तो म्हणतो, अजून पंचावन्न हजार अवकाश आहे. आणि एके दिवशी कात्रजच्या घाटात किंवा आंबोलीच्या वळणावर तो बेल्ट तुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि चालती गाडी जागच्या जागी बंद पडते. इंजिनाचं काम चाळीस-पन्नास हजारांच्या खाली होत नाही. घाटात, मागून ट्रक येत असताना गाडी बंद पडली तर काय होतं, ते मी कामाच्या निमित्तानं बघितलेलं आहे. वर्णन करत नाही. विमा कंपनीही असा क्लेम सहसा देत नाही, कारण झिजेनं होणारा यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही. तुमच्या वीस-तीस हजारांच्या मागे हे सगळं उभं असतं. पेशंटच्या केसपेपरवर वय वीस वर्षांनी कमी लिहून डॉक्टरला डोस ठरवायला सांगण्यातला हा प्रकार आहे.

यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे : "काका, गिऱ्हाईकच खोटं मागतं. सव्वा लाख सांगितलं की दार उघडूनसुद्धा बघत नाही." हे खरं आहे, मी नाकारत नाही. बिलांची फाईल असलेली, एकाच माणसानं नीट वापरलेली एक लाख दहा हजारांची गाडी नाकारून, एकही कागद नसलेली बावन्न हजारांची गाडी घेणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. त्यातले दोन-चार माझे नातेवाईक आहेत.

पण गिऱ्हाइकाला असं वाटतं ते चूक आहे हे त्याला सांगायचं कुणी? गाडीतलं त्याला कळत नाही, म्हणून तर तो तुमच्या दारात आला. साधा तासांचा हिशेब त्याच्यापुढे मांडून बघा. मुंबईत अंधेरीहून रोज फोर्टला जाणारी गाडी गर्दीत ताशी सरासरी वीस किलोमीटरनं चालली असं धरू. पन्नास हजार किलोमीटर व्हायला तिचं इंजिन अडीच हजार तास फिरलं. साताऱ्याहून पुण्याला ये-जा करणारी दुसरी गाडी महामार्गावर सरासरी साठनं चालली. तिचे एक लाख वीस हजार झाले, पण इंजिन फिरलं दोन हजार तास. म्हणजे मीटरवर निम्म्याहून कमी आकडा दाखवणारी गाडी आतून जास्त राबलेली आहे. सिग्नलला उभ्या उभ्या इंजिन चालू राहिलं त्याचा एक मीटरही मोजला जात नाही. क्लच, ब्रेक, गिअर बदलण्याचे हेलपाटे हे सगळं शहरातल्या गाडीच्या वाट्याला जास्त येतं. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर आणखी एक भानगड आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी जरा लांब, जरा वेगानं पळावी लागते. भाजी आणायला आणि पोरांना क्लासला सोडायलाच वापरलेली "कमी रनिंगची" डिझेल म्हणजे बऱ्याचदा तुंबलेल्या फिल्टरची डिझेल. त्याचं बिल आलं की कमी किलोमीटरची हौस फिटते.

पुण्यात आणखी एक जात आढळते : मुलगा अमेरिकेत, आईवडील कोथरूडला, गाडी पार्किंगमध्ये कव्हराखाली. तिचे अठरा हजार किलोमीटर खरेही असतात. पण टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. शेवटी २३१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. खाचा कितीही खोल दिसोत, रबर म्हातारं झालंय. बॅटरी, होजपाइप, दाराची रबरं, सगळ्यांचं तेच. ही गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. टायर-बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या म्हणतो, आणि ते तुम्ही आपणहून सांगावं म्हणतो.

गिऱ्हाइकाला तासांचा हिशेब पटवून देणारा, बिलांची फाईल टेबलावर ठेवणारा एक जरी व्यापारी गावात असला तरी वर्षा-दोन वर्षांत त्याच्याकडे लांबून लोक यायला लागतात. तुमच्यात असे आहेत. नावं घेत नाही, नाहीतर जाहिरात होईल. पण बाकीच्यांनी मीटर मागे घेतलं की नुकसान या माणसाचं होतं. त्याची खरी एक लाखाची गाडी तुमच्या खोट्या पन्नास हजारांच्या गाडीशेजारी उभी राहते आणि पडून राहते.

कायद्याचा धाक दाखवायचा म्हटलं तर आपल्याकडे फसवणुकीचं सर्वसाधारण कलम आहे, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. शिवाय ग्राहक आयोग आहे. पण सिद्ध करायला जाणार कोण आणि कसं? बेल्जियममध्ये २००६ पासून कार-पास नावाची व्यवस्था आहे : गाडी कुठल्याही गॅरेजला लागली की तिथलं किलोमीटर एका जागी नोंदवलं जातं आणि जुनी गाडी विकताना तो दाखला द्यावाच लागतो. इंग्लंडमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीत नोंदलेला मीटरचा आकडा गाडीचा नंबर टाकला की कुणालाही फुकट दिसतो. आपल्याकडे वाहन पोर्टलवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे सगळं दिसतं. किलोमीटर तेवढं दिसत नाही. ती पोकळी तुम्ही भरून काढता आहात, आपल्या पद्धतीनं! मात्र हे फार दिवस चालेल अशा भ्रमात राहू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात प्रत्येक भेटीचं किलोमीटर असतं. अनेक नव्या गाड्यांत मीटरच्या डब्याखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही आकड्याच्या नोंदी उरतात. २०२२ मध्ये विमा नियामकानं जितकी चालवाल तितका हप्ता अशा धर्तीच्या पॉलिसीला परवानगी दिली, तेव्हापासून काही पॉलिसींच्या कागदावरही किलोमीटर येतं. खोटेपणा पकडण्याच्या जागा वाढत चालल्यात.

आता पाण्यातल्या गाड्यांविषयी. इथे माझा सूर थोडा चढेल, माफ करा. मुंबईचा २६ जुलै २००५, सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९, चिपळूणचा जुलै २०२१. प्रत्येक पुरानंतर आम्ही सर्व्हेअर रांगेनं उभ्या, चिखलानं भरलेल्या गाड्यांचे फोटो काढत हिंडायचो. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेला की टोटल लॉस, मग भंगार म्हणून बोली. बोली लावून गाडी घेणाऱ्यानं तिचे भाग विकले तर कुणाचंच काही म्हणणं नाही. पण यातल्या कित्येक गाड्या धुऊन, गाद्या बदलून, अत्तर मारून पुन्हा तुमच्या शेडमध्ये उभ्या राहतात. शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यात. सांगलीची गाडी नाशिकला, चिपळूणची संभाजीनगरला. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट दोन सीटच्या मधल्या कन्सोलखाली, जमिनीला लागून बसवलेलं असतं. म्हणजे पाणी आत शिरलं की ते लवकर बुडतं. वायरिंगचे कनेक्टर आज चालतात, सहा महिन्यांनी हिरवे पडून बंद होतात. एअरबॅग लागेल त्या दिवशी ती उघडेल की नाही, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. आणि तुम्ही ती गाडी "फॅमिली कार" म्हणून विकता.

गिऱ्हाइकांना मी हे शिकवतो, तुमच्या कानावर घालून ठेवतो : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांना हात लावून गंज बघा. डिकीतला स्टेपनीचा खड्डा उघडा. अत्तराचा वास फारच छान येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात बसा.

कागदांपैकी जो मी हल्ली आधी मागतो तो आरसी नव्हे, गेल्या वर्षीची विमा पॉलिसी. तुम्ही म्हणता, "नॉन ॲक्सिडेंटल, एक स्क्रॅच नाही." पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघायचं. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २० वरून २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत जातो. क्लेम घेतला की साधारणपणे खाली शून्यावर. सहा वर्षांची, एकाच मालकाची गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे आधीच्या वर्षात काहीतरी झालेलं आहे किंवा विमा खंडित होता. काय झालं ते विचारायचं. बंपर घासला असेल तर ठीक आहे. चेसिसपर्यंत मार गेला असेल तर नाही. तेव्हा विचारलं की "पेपर नंतर देतो" म्हणू नका, एवढी विनंती.

दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांबद्दलही दोन शब्द. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले तसा माल इकडे स्वस्तात येऊ लागला. त्यात गैर काही नाही. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरून ती स्वस्त उरते का, हा हिशेब टोकन घेण्याआधी कागदावर मांडून दाखवा.

कागदांचं थोडक्यात. मालकी बदलण्याचे सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून गाडी सहा सहा महिने जुन्याच मालकाच्या नावावर फिरवायची पद्धत बंद करा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांतून गेलेली असो, नोंद ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार. म्हणजे तुमच्याकडे गाडी सोडून निर्धास्त झोपलेला निवृत्त मास्तर कोर्टाच्या फेऱ्या मारतो. आणि घेणाऱ्याचं काय? नाव आणि पॉलिसी बदलून घेतली नाही तर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. असे अडकलेले क्लेम माझ्या टेबलावरून गेलेत. १ एप्रिल २०२३ पासून तुमच्यासारख्यांना आरटीओकडून अधिकृत व्यापारी म्हणून नोंदणी घेण्याचे नियम लागू झाले. गाडी तुमच्या ताब्यात असेपर्यंत मालकीची जबाबदारी तुमची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. किती जणांनी ही नोंदणी घेतली, हे तुमचं तुम्ही एकमेकांना विचारा. मार्जिनवरचा जीएसटी आता सरसकट १८ टक्के झाला, कागदोपत्री धंदा महाग पडतो, हे गाऱ्हाणं मला मान्य आहे. त्यासाठी सरकारला दुसरं पत्र लिहू, सही मी पहिली करतो.

दोन लहान मागण्या राहिल्या. गिऱ्हाईक येणार म्हणून गाडी आधीच चालू करून गरम करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, टॅपेटचा आवाज किती वेळ राहतो, धूर कुठल्या रंगाचा, यावरून सगळं कळतं. बॉनेटला हात लावून गरम लागलं तर मी आता सरळ "उद्या सकाळी येतो" म्हणून उठतो. आणि गिऱ्हाइकानं आपला मेकॅनिक आणला तर तोंड वाकडं करू नका, त्याच्या हातात कमिशनचं पाकीटही सरकवू नका. तोही माझ्यासारखाच तुमचा चहा पितो.

एक प्रयोग करून बघाल का? गाडी विकत घेताना, देणाऱ्याच्या समोर मीटरचा फोटो काढा, आकडा पावतीवर लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि ती पावती गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्या. खर्च शून्य आहे. "एवढ्या किलोमीटरला गिऱ्हाईक नाही" असं वाटत असेल तर सांगतो : विट्याचे एक गृहस्थ सध्या माझ्यामागे लागलेत. त्यांना डिझेल हवी आहे, सव्वा-दीड लाख पळालेली चालेल, बजेट चार लाख. अट एकच, सर्व्हिसची सगळी बिलं हवीत. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल असेल तर पंधरा हजार वर द्यायला ते तयार आहेत. अशी गाडी कुणाच्या शेडमध्ये मागच्या रांगेत धूळ खात असेल, तर मीटरला हात न लावता कळवा.



आपला,
एक निवृत्त मोटार विमा सर्व्हेअर
सांगली